भोपळा चौकोनी असला तरी टुणूक उडतो : व्हिडिओ गेममधली पात्रं घेऊन घरच्या घरी लोककथेचा ॲनिमेशनपट

मे महिन्यात माझा भाचा बोरिवलीहून ठाण्याला आजीकडे राहायला येतो, तेव्हा दोन गोष्टी ठरलेल्या असतात. दिवसभर लॅपटॉपवर माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांच्या जगाचा खेळ आणि रात्री अंथरुणात आजीची गोष्ट. मागच्या सुट्टीत त्याने या दोन्हींची गाठ मारली. ‘मावशी, भोपळ्यात बसलेल्या म्हातारीची गोष्ट माइनक्राफ्टमध्ये करूया?’ मी हो म्हटलं आणि फसले. चरईतल्या आमच्या दोन खोल्यांत पाच आठवडे खपून २ मिनिटं ४० सेकंदांचा पट तयार झाला. त्या पाचातले दोन आठवडे चुका निस्तरण्यात गेले. तुमचे ते दोन तरी वाचावेत, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी क्रियापद, मग पात्र

बहुतेक मुलं उलटं करतात. आवडतं पात्र घेतात, आवडती गोष्ट घेतात आणि एकाला दुसऱ्यात कोंबतात. व्हिडिओ गेममधल्या पात्राचं गोष्टीतल्या पात्रासारखं नसतं. त्याला स्वभाव थोडा असतो, करामती जास्त. मारिओ १९८१ साली ‘डाँकी काँग’मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं नाव होतं जंपमॅन, म्हणजे त्याचं क्रियापदच त्याचं नाव होतं. पॅक-मॅन खातो, सॉनिक पळतो, कर्बी गिळतो आणि गिळलेल्याची ताकद घेतो. म्हणून कागदावर दोन रकाने करा. एकात पात्रं आणि त्यांची क्रियापदं, दुसऱ्यात गोष्टीतल्या मुख्य घटना, त्याही क्रियापदांतच. जिथे दोन्ही जुळतात तिथे रेघ मारा. निम्म्याहून अधिक रेघा जुळल्या नाहीत तर गोष्ट बदला, पात्र बदलू नका. मुलं पात्र सोडत नाहीत, हा स्वानुभव.

आमच्या गोष्टीत मुख्य क्रियापद होतं ‘टुणूक’. इथे भाचा हिरमुसला, कारण माइनक्राफ्टमधला भोपळा हा १ मीटरचा ठोकळा. ‘चौकोनी भोपळा गडगडणार कसा?’ त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण आजीने स्वयंपाकघरातूनच निकाल दिला, ‘अरे, गडगड कोण म्हणतंय? टुणूक टुणूक म्हणजे उड्या!’ लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीत भोपळा घरंगळत नाही, उडतो, हे माझ्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं. आणि ठोकळ्याने उडी मारणं ही माइनक्राफ्टमध्ये अगदी शोभणारी गोष्ट.

दुसरा फायदा आणखी मोठा. म्हातारी एकदा भोपळ्यात बसली की ती दिसतच नाही! तिचे हात, पाय, चेहरा काहीही हलवावं लागत नाही. पटाचा जवळजवळ अर्धा भाग म्हणजे एक उड्या मारणारा ठोकळा आणि आतून येणारा आवाज. अवघड ते झाकायचं, ही युक्ती गेम बनवणाऱ्यांचीच. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांनी त्याला मिशी दिली, कारण इतक्या कमी ठिपक्यांत तोंड नीट दिसत नव्हतं. टोपी दिली, कारण उडी मारताना केस हलवून दाखवायला नकोत. तुम्हीही गोष्ट निवडताना हाच हिशेब करा. काय दाखवावं लागणार नाही, ते आधी मोजा.

पात्रनिवड

म्हातारी म्हणून आम्ही व्हिलेजर, म्हणजे खेळातला गावकरी, घेतला. लांब नाक, जोडलेल्या भुवया, छातीशी घडी घातलेले हात. शाल गुंडाळून निघालेल्या आजीबाई अगदी तशाच दिसतात, फक्त अंगावरच्या झग्याचा रंग बदलून लुगड्यासारखे काठ रंगवायला लागले. लेक आणि जावई हेही व्हिलेजरच.

वाघाचं काय करायचं, यावर मात्र दोन दिवस वाद झाला. माइनक्राफ्टमध्ये वाघ नाही. ओसेलॉट नावाचं ठिपक्यांचं रानमांजर आहे. भाच्याचं म्हणणं असं की आमची म्हातारी ठाण्याहून बोरिवलीला लेकीकडे जंगलातून जाणार तर वाटेत येऊरचं रान, आणि येऊरला वाघ नसतो, बिबट्या असतो. आजी म्हणाली, बिबट्या म्हणजे बिबळ्या वाघच की. झालं, गोष्टही राखली आणि येऊरही राखलं. ओसेलॉट अडीचपट मोठं केलं, ठिपके गडद केले, बिबट्या तयार.

कोल्ह्यासाठी २०१९ सालच्या आवृत्तीत आलेला तांबूस फॉक्स वापरला. काटेकोरपणे पाहिलं तर तो आपलं खोकड, कोल्हा नव्हे. खरा कोल्हा खाडीपलीकडे ऐरोली-वाशीच्या तिवरांच्या कडेला सापडेल. पण गोष्टीत लबाडी महत्त्वाची, म्हणून चालवून घेतलं.

हो, म्हातारीची लेक बोरिवलीला दिली आहे, तशी माझी बहीण दिलेली आहे. घोडबंदर रोडची गर्दी पाहता म्हातारीने जंगलाची वाट धरणं कुठल्याही ठाणेकराला पटेल. डोंगराखालून जवळपास १२ किलोमीटरचा जुळा बोगदा होतो आहे. तो झाला की आमच्या गोष्टीचं कथानकच बाद.

हक्कांचं थोडक्यात

लोककथा कुणा एकाची नसते, ती घ्या. पण एखाद्या लेखकाने तीच कथा आपल्या शब्दांत लिहिली असेल तर ते शब्द त्याचे. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. म्हणून पुस्तकातून संवाद उतरवू नका, घरातल्या आजीकडून ऐकून लिहा. परदेशी परीकथांत एक खड्डा असतो. हिमगौरीची ग्रिम बंधूंची कथा मोकळी आहे, पण त्यांच्या कथेत सात बुटक्यांना नावंच नाहीत. आपल्या डोक्यात बसलेली नावं १९३७ च्या डिस्नेपटातली, ती घ्यायची नाहीत.

गेममधली पात्रं मात्र कुणाच्या तरी मालकीचीच असतात. माइनक्राफ्टच्या वापराच्या अटींत खेळाडूंना व्हिडिओ बनवायला बरीच मोकळीक आहे. आपला पट अधिकृत वाटेल असं काही करायचं नाही, ही त्यातली मोठी अट. निन्टेंडोने २०१८ साली खेळाच्या चित्रणाबाबत स्वतःची नियमावली काढली, त्यात तुमची स्वतःची सर्जनशील भर हवी असं म्हटलं आहे. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. सुरुवात करायच्या आधी त्या-त्या खेळाच्या अटी एकदा वाचाच. शाळेच्या स्नेहसंमेलनात दाखवणं निराळं आणि टी-शर्ट छापून विकणं निराळं. हा सगळा घोर नको असेल तर केनी किंवा क्वाटर्नियस या मॉडेल बनवणाऱ्यांची सीसी-शून्य परवान्याची, म्हणजे सगळे हक्क सोडून दिलेली, मॉडेलं फुकट मिळतात. दिसायला गेमसारखी आणि कुणाला विचारायची गरज नाही.

आवाज आधी

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा : चित्र हलवण्याआधी आवाज रेकॉर्ड करा. आम्ही उलटं केलं. भोपळ्याच्या उड्या आधी केल्या आणि मग आजीला त्यावर बोलायला बसवलं. आजी पडद्याकडे बघत ‘चल रे भोपळ्या’ म्हणायला लागली आणि तिचा ठेकाच गेला. चाळीस वर्षं मुलांना झोपवताना जे लयीत आलं होतं ते बातम्या वाचल्यासारखं यायला लागलं. सहा दिवसांचं काम टाकून दिलं.

दुसऱ्यांदा आजीला काहीच दाखवलं नाही. नातवाला मांडीशी बसवलं आणि म्हटलं, सांग त्याला. फोन एक वीत अंतरावर, तोंडासमोर नाही तर जरा बाजूला, म्हणजे ‘भ’ आणि ‘फ’चा फुत्कार माइकवर आपटत नाही. कपड्यांचं उघडं कपाट समोर, पाठीमागे दोरीवर टाकलेली गोधडी. घुमणारी खोली शांत करायला याहून स्वस्त उपाय नाही. वेळ दुपारी दोन ते चारची, कुकरच्या शिट्या संपलेल्या आणि शाळेच्या बसचे भोंगे सुरू व्हायचे असतात तेव्हाची. पंखा बंद. मे महिन्यात ठाण्यात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा. शेवटी कुणीही न बोलता दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरला ती शांतता नमुना म्हणून दाखवली की तो मागची घरघर बरीच काढून टाकतो. फार काढायला लावलं तर माणूस पिंपात बसून बोलल्यासारखा येतो. (आमच्या म्हातारीला ते चाललं असतं, ती भोपळ्यात होती.) आवाजाची सर्वांत उंच टोकं उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा, ओरडलं तरी फाटत नाही.

आता ठेका मोजायचा. ‘म्हातारी-कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ हे आजीने ४ सेकंदांत म्हटलं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं, धरली तर ९६ फ्रेम. त्यातला एकेक ‘टुणूक’ बरोबर अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे १२ फ्रेम. हा आकडा हातात आला आणि पुढचं सगळं सोपं झालं.

चिठ्ठ्यांचा चित्रपट

गोष्ट ३१ दृश्यांत तोडली. प्रत्येक दृश्याची एक चिकट चिठ्ठी, त्यावर पेन्सिलीने काडीची माणसं. फोनने फोटो काढले आणि आवाजाच्या पट्टीखाली जिथल्या तिथे लावले. हा कच्चा पट घरच्यांना दाखवला. आजी म्हणाली, कोल्हा फार लवकर येतो. तिथल्या तिथे दोन चिठ्ठ्या वाढवल्या. हीच दुरुस्ती ॲनिमेशन झाल्यावर केली असती तर दोन दिवस गेले असते.

दिशेचा नियम इथेच ठरवून टाका. म्हातारी जाताना एका बाजूने चालली तर येताना उलट बाजूने आली पाहिजे, नाहीतर प्रेक्षकाला ती जाते आहे की येते आहे ते कळत नाही. आम्ही नकाशा पाळला. बोरिवली ठाण्याच्या पश्चिमेला, म्हणून जाताना उजवीकडून डावीकडे आणि येताना डावीकडून उजवीकडे.

तीन वाटा

पहिली वाट खेळातच चित्रण करण्याची. याला मशिनिमा म्हणतात. १९९६ साली ‘क्वेक’ खेळणाऱ्या एका टोळक्याने अशी छोटी फिल्म केली, तिथपासूनचा हा प्रकार. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती असेल तर रिप्ले मॉड हे खेळाला जोडायचं सॉफ्टवेअर वापरा. तो खेळ जसाच्या तसा नोंदवून ठेवतो आणि कॅमेरा कुठे ठेवायचा ते तुम्ही नंतर ठरवू शकता. नसेल तर एक मित्र कॅमेरामन म्हणून खेळात उभा करा, पडद्यावरची जिवाची-भुकेची चिन्हं लपवा आणि ओबीएस स्टुडिओने पडदा रेकॉर्ड करा. दिवस २० मिनिटांत संपतो, तेव्हा खेळातली वेळ गोठवून ठेवा, नाहीतर एका संवादात सकाळ आणि उत्तरात संध्याकाळ होते. ही वाट झटपट आहे, पण जनावरं ऐकत नाहीत. आमचा कोल्हा संवाद सोडून कोंबडीमागे गेला.

ओबीएसमध्ये फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा. भाच्याने एमपीफोर ठेवला होता, पाऊण तास रेकॉर्डिंग झालं आणि वीज गेली. फाइल उघडेचना. एमकेव्ही असती तर तोवरचा भाग शाबूत राहिला असता. नंतर ओबीएसमधूनच ती एमपीफोर करून घेता येते.

दुसरी वाट माइन-इमेटरची, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी माझी शिफारस हीच. हे फुकट सॉफ्टवेअर माइनक्राफ्टच्या पात्रांसाठीच केलेलं आहे. जनावरं, ठोकळे, व्हिलेजर सगळे तयार मिळतात, त्यांचे रंग आणि आकार बदलता येतात, साध्या लॅपटॉपवर चालतं. खालच्या काळपट्टीवर हव्या त्या क्षणाला पात्राची ठेवण ठरवायची, मधलं ते भरून काढतं. आम्ही हेच वापरलं.

तिसरी वाट ब्लेंडर, म्हणजे त्रिमिती ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर. तोही फुकट आणि वाटेल ते करू शकणारा, पण शिकायला एक सुट्टी पुरत नाही. पात्र माणसासारखं असेल तर मिक्सामो या संकेतस्थळावर टाकून त्याच्या अंगात सांगाडा बसवून घेता येतो, चालण्या-पळण्याच्या तयार हालचालीही मिळतात. भोपळ्याला सांगाडा लागत नाही, म्हणून आम्ही तिकडे गेलोच नाही.

एक टुणूक कशी करायची

१२ फ्रेम आहेत. पहिल्या ३ फ्रेममध्ये भोपळा जागच्या जागी दबतो. पुढच्या ४ मध्ये वर जातो, ३ मध्ये खाली येतो आणि शेवटच्या २ मध्ये जमिनीवर चपटतो. वर जायला जास्त आणि खाली यायला कमी फ्रेम ठेवल्या की वजन जाणवतं. सगळ्या सारख्या ठेवल्या तर भोपळा फुग्यासारखा तरंगतो. अगदी वरच्या टोकाला क्षणभर रेंगाळू द्या.

दबण्याचं गणित चुकवू नका. उंची ८० टक्के केली तर रुंदी आणि खोली सुमारे ११२ टक्के करायला हवी, म्हणजे आकारमान तेवढंच राहतं. नुसती उंची कमी केली की भोपळा दबल्यासारखा वाटत नाही, आटल्यासारखा वाटतो. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ॲनिमेशनची जी बारा तत्त्वं मांडली, त्यांतलं पहिलंच हे दबणं-ताणणं. माइनक्राफ्टचे ठोकळे ताठ असतात, ते दबलेले चालतील का, असं भाच्याने विचारलं. करून पाहिलं. ताठ भोपळा टुणूक न उडता ‘धप्प’ उडत होता. दबणारा ठेवला.

मोजमापाची एक गंमत राहिली. व्हिलेजरची उंची जवळपास दोन ठोकळ्यांची आणि भोपळा एक ठोकळा. म्हातारी आत मावणार कशी? भोपळा अडीचपट केला. येताना म्हातारी लठ्ठ झालेली असते, तेव्हा तिला फक्त रुंदीत सव्वापट केलं. ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन’ हे खरं ठरायला नको?

व्हिलेजरला हलणारं तोंड नसतं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. बोलताना ज्या अक्षरावर जोर येतो तिथे डोकं चार-पाच अंशांनी खाली आणून परत वर न्या. एवढ्याने माणूस बोलतोय असं वाटतं. प्रत्येक अक्षराला हलवलंत तर कोंबडी दाणे टिपते आहे असं वाटेल. जो ऐकतो आहे त्याला स्तब्ध ठेवा आणि बोलणं संपल्यावर सहा-आठ फ्रेम थांबून हलवा. विचार करतोय असं दिसतं.

येऊर उभं करताना

सगळं जंगल बांधू नका. कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच बांधा. आमचं मासुंदा तलावाचं दृश्य म्हणजे १२ बाय ८ ठोकळ्यांचं पाणी, एक कठडा, दोन दिवे आणि लांबवर पाण्यातल्या महादेवाच्या देवळाचं शिखर. ठाणेकरांनी तेवढ्यावर ओळखलं. येऊरसाठी आधी खेळातलं ‘जंगल’ घेतलं, ते फारच हिरवं आणि वेलींनी भरलेलं निघालं. मे महिन्यातलं येऊर तसं नसतं. शेवटी सव्हाना घेतला. पिवळं-करपट गवत, मधेमधे झाडं, लाल मातीच्या वाटेसाठी खडबडीत मातीचे ठोकळे. कॅमेरा लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवलात तर बिबट्या आपोआप मोठा होतो.

जोडणी आणि आवाजांचा मसाला

माइन-इमेटर असो की ब्लेंडर, शेवटचं चित्रण थेट व्हिडिओत काढू नका, पीएनजी चित्रांच्या मालिकेत काढा. आमचे १६० सेकंद म्हणजे ३,८४० चित्रं. मध्येच वीज गेली तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. एका चित्राला ४ सेकंद लागत असतील तर सव्वाचार तासांहून थोडा जास्त वेळ धरा, म्हणजे रात्री लावून झोपायचं. दा विंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत ती मालिका २४ फ्रेमच्या प्रकल्पात आणून आवाजाखाली लावा.

खेळातलं पार्श्वसंगीत रेकॉर्डिंगच्या वेळीच बंद करा. आवाज आणि संगीत यांच्या पट्ट्या सेटिंगमध्ये वेगवेगळ्या असतात. खेळाबद्दलची मोकळीक संगीतालाही लागू आहे असं धरून चालू नका. आमची टुणूक तुणतुण्यासारख्या आवाजाची आहे. तुणतुणं घरात नव्हतं, म्हणून रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर रबर ताणून छेडलं आणि छेडताना रबर ओढून सूर चढवला. बिबट्याची गुरगुर हा माझा स्वतःचा घसा आहे.

प्रसिद्ध करताना चित्राचा आकार १०८० पी आणि व्हिडिओचा प्रकार एच-२६४ पुरेसा. वर्णनात हा चाहत्यांनी केलेला पट असून खेळाच्या कंपनीशी संबंध नाही, असं लिहा. यूट्यूबवर टाकणार असाल तर लहान मुलांसाठीचा व्हिडिओ तसा नोंदवावा लागतो. २०२० पासून हे बंधनकारक आहे आणि त्याने खालच्या प्रतिक्रिया बंद होतात, हे मुलाला आधीच सांगा. आमच्याकडे रडारड झाली. मुलाचं पूर्ण नाव, शाळा, सोसायटीची पाटी काहीही चित्रात किंवा श्रेयनामावलीत नको.

पण त्याआधी पाहायला चार मुलं बसवा. आम्ही पेनड्राइव्ह टीव्हीला लावून इमारतीतल्या पोरांना पट दाखवला. कोल्ह्याने विचारलं, ‘म्हातारे, म्हातारे, कुठे चाललीस?’ आणि पोरं भोपळ्याच्या आधीच ओरडली, ‘म्हातारी-कोतारी मला नाही ठाऊक!’ त्यात आजीचा आवाज बुडाला आणि पुढचा विनोद कुणालाच ऐकू गेला नाही. त्या रात्री आम्ही कोल्ह्याच्या प्रश्नानंतर ३६ फ्रेम वाढवल्या. दीड सेकंद भोपळा नुसता उभा राहतो, पोरांना ओरडू देतो आणि मग दबतो.